होमगार्डला लाभ कशाला?

“स्वखुशीने आलेत, मग भत्ता, विमा कसले मागतात?” असं होमगार्डबद्दल एकांनी लिहिलंय. मला हे पटत नाही.

होमगार्ड ही संघटना 6 डिसेंबर 1946 रोजी मुंबईत उभी राहिली. कागदावर आजही ती स्वयंसेवकांचीच. पण काम? माझी चुलत बहीण होमगार्ड आहे. गेल्या विसर्जनाला ती सकाळी सातला पुलावर उभी राहिली, ती दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत. घरी येऊन बूट काढले तेव्हा टाचेचे फोड फुटून मोजे चिकटले होते, कोमट पाण्यात भिजवून सोडवावे लागले. शेजारच्या पोलीस शिपायाचं काम तेच होतं. त्याला पगार, रजा, पेन्शन आहे. हिला फक्त ड्युटी लागेल त्या दिवसाचा भत्ता.

सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये हिमाचलच्या प्रकरणात होमगार्डना नोकरीत कायम करायला नकार दिला, पण भत्ता पोलीस शिपायाच्या किमान वेतनाइतका तरी द्या, असं बजावलं. महाराष्ट्रात दिवसाच्या भत्त्याचे 570 रुपयांचे 1083 व्हायला 2024 उजाडलं! पोलीस भरतीत 5 टक्के आरक्षण आहे, ते चांगलंच, पण चाळिशी गाठलेल्या बाईला त्याचा काय उपयोग?

माझ्या मते वाढीव भत्त्याइतकीच गरज ड्युटीच्या दिवसांची हमी मिळण्याची आहे. दर मोठा असला तरी महिनाभर बोलावणंच आलं नाही तर घरात येणार शून्य. आणि भत्ता वेळेवर खात्यात पडायला हवा; किराणावाला थांबत नाही.