नळाचं पाणी थेट पिता का? लहान गावांतले अनुभव सांगा

घाटावरच्या एका तालुक्याच्या गावात राहते. पाणी दिवसाआड येतं. पाऊस लागला की पहिले काही आठवडे नळाला गढूळ पाणी, हे आमच्याकडे कॅलेंडरात छापल्यासारखं ठरलेलं. यंदा गल्लीत एकापाठोपाठ एक जुलाब सुरू झाले. पाणी सोडणारे सांगतात, टाकीतलं पाणी तपासलंय, चांगलं आहे. आमच्या पिंपातलं बघून तसं अजिबात वाटत नाही. दोन्ही खरं असू शकतं का? तुमच्याकडे काय करता, कधी तपासून घेतलंय का, लिहा. मोठ्या शहरांचं नको, त्यांचं कौतुक रोज पेपरात येतं.

वॉल्व्हवाले काका
दोन्ही खरं असू शकतं. मी निवृत्तीपर्यंत फिल्टर प्लांटवर होतो. नदीचं पाणी जॅकवेलमधून, म्हणजे नदीकाठच्या पंपाच्या विहिरीतून येतं, तुरटी पडते, गाळ बसतो, मग रेतीचे फिल्टर आणि शेवटी क्लोरीन. पहिल्या पावसात नदीचा गढूळपणा तासातासाला बदलतो. तुरटीचा डोस तसा बदलला नाही तर गाळ फिल्टरवर येतो. पण तो प्लांटचा दोष झाला, आणि तो सहसा डोळ्यांना दिसतो.

न दिसणारा घोटाळा गल्लीत होतो. दिवसाआड पुरवठा म्हणजे उरलेला वेळ पाइप रिकामा. शेजारून गटार वाहत असेल आणि जोडावर बारीक चीर असेल, तर घाण आत ओढली जाते. त्यात प्रत्येकानं नळाला टुल्लू पंप लावलेला, म्हणजे ओढ आणखी वाढली. पाणी आलं की पहिली बादली आधी तीच भरते. म्हणून टाकीवरचा रिपोर्ट विचारू नका. गल्लीतल्या शेवटच्या नळाला ओटी टेस्ट, म्हणजे उरलेल्या क्लोरीनची चाचणी घ्यायला लावा. तिच्या औषधाचे दोन-चार थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं तर क्लोरीन उरलंय. लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी उरायला हवं. लोक उलट 'औषधाचा वास येतो' म्हणून तक्रार करायचे. वास अजिबात नसेल तेव्हा या की भांडायला!

कोकणी सून
आमच्याकडे विहिरीचंच पाणी नळाला. ग्रामपंचायत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकते म्हणे. पोतं कार्यालयाच्या कोपऱ्यात तोंड उघडं टाकून पावसाळाभर पडलेलं मी स्वतः पाहिलंय. त्यात क्लोरीन किती उरलं असेल? आम्ही उकळतो. सासूबाईंना उकळलेल्या पाण्याची चव आवडत नाही, तो वेगळा धागा होईल.

पूर्णाकाठचा
उकळण्यावर आमच्याकडे काही भागत नाही. अकोला, बुलढाणा, अमरावतीचा खारपाण पट्टा. बोअरचं पाणी खारं, डाळ शिजता शिजत नाही, आणि उकळलं तर पाणी आटून खारटपणा वाढतोच. किडनीच्या आजारांची ओरड जुनी आहे. लांबच्या धरणावरून योजनेचं गोडं पाणी येतं तेव्हा गाव खूश, पण उन्हाळ्यात लाइन फुटली की पुन्हा हापशी. इथं आरओ चैन नाही.

दोन ग्लास
आरओवरून आठवलं. घरी विक्रेता आला. नळाच्या पाण्याच्या ग्लासात आणि त्याच्या पाण्याच्या ग्लासात तारा लावलेल्या कांड्या सोडल्या. आमचं पाणी तपकिरी, वर गाळ. सासरे घाबरले. मी त्याच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकलं आणि पुन्हा चालू करायला सांगितलं. तेही तपकिरी झालं! रंग कांडीच्या लोखंडाचा, पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि कांडी झिजते. मग त्यानं टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार दाखवले, लिटरला ३१० मिलिग्रॅम. भारतीय मानकात ५०० पर्यंत चांगलंच धरतात, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. आणि टीडीएस मीटरला जंतू कळत नाहीत, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

यवतमाळकर
चवीवरही जाऊ नका. आमच्या मामांच्या गावी बोअरचं पाणी निवळशंख, पोरांच्या दातांवर मात्र पिवळे-तपकिरी डाग. फ्लोराइड. मर्यादा लिटरला दीड मिलिग्रॅम. उकळून जात नाही, साध्या कँडलच्या फिल्टरनं जात नाही, क्लोरीननं तर नाहीच.

लॅबवाली
इचलकरंजीत २०१२ ला काविळीची मोठी साथ आली, हिपॅटायटिस ई. तेव्हापासून पावसाळ्यात गरोदर बायकांना मी हात जोडून सांगते, उकळलेलंच प्या. त्यांना ही कावीळ फार जड जाते. पुण्याजवळ जानेवारी २०२५ मधली जीबीएसची, म्हणजे हातपाय लुळे पडणाऱ्या आजाराची साथ आठवा. सिंहगड रस्त्याकडची नांदेड, किरकटवाडी ही २०२१ पर्यंत खेडीच होती, म्हणून या धाग्यात बसतात. कित्येक रुग्णांच्या शौचात कॅम्पिलोबॅक्टर हा जुलाबाचा जंतू सापडला. शंका असेल तर पाणी जिल्हा प्रयोगशाळेत द्या, पण निर्जंतुक बाटलीत. कोल्ड्रिंकची बाटली विसळून आणतात आणि रिपोर्टवरून भांडतात.

ओंटारिओहून
परदेशात सगळं आलबेल असतं असं नाही. इथल्या वॉकरटन नावाच्या सुमारे पाच हजार वस्तीच्या गावात मे २००० मध्ये मोठ्या पावसानं शेणखताचं पाणी विहिरीत उतरलं. क्लोरीन पुरेसं घालत नव्हते आणि नोंदवहीत खोटे आकडे भरत होते. सात माणसं गेली, सुमारे २३०० आजारी. त्यानंतर प्रांतानं कडक कायदा केला. आता नळाचं बिनधास्त पितो.

गावकरी
वीस लिटरच्या थंड जारबद्दल कुणी बोललं नाही. आयएसआय नाही, सील नाही, कुठं भरला देव जाणे. लग्नात सगळे तेच पितात आणि वर नळाला नावं ठेवतात.

धागा काढणारी
काका, बघून आले. गल्लीतल्या सात घरांची कनेक्शनं गटाराच्या पाण्यातूनच गेली आहेत, एका जोडाला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. प्लंबर पाइप वरून घ्यायला तयार आहे, खर्च वाटून घ्यायला पाच घरं राजी. ओटी शेवटच्या नळाला घ्यायची म्हटल्यावर तिथला माणूस म्हणाला, किट संपलंय. तोवर घरच्या टाकीत टीसीएल टाकायचं तर किती?

वॉल्व्हवाले काका
ताजी पावडर असेल तर हजार लिटरला अडीच ग्रॅम. आधी बादलीत कालवा, चुन्याचा साका खाली बसू द्या, वरचं पाणी टाकीत ओता. तासभर थांबून वापरा. पाणी गढूळ असेल तर आधी निवळून घ्या, नाहीतर क्लोरीन गाळातच खर्ची पडतं. किटसाठी लेखी अर्ज द्या, पोच घ्या. आणि उरलेल्या दोन घरांनाही घ्या बरोबर, चीर त्यांच्याच जोडाला असली तर तुमचा खर्च वाया.