मदत हवी आहे: एसएसएन नाही म्हणून क्लायंटला कामावर घेत नाहीत (अर्जंट)

अनघा_एमएसडब्ल्यू | २२ ऑक्टोबर २०२४
मंडळी, पटकन मदत हवी आहे. माझ्या एका क्लायंटला कोंबडीच्या कारखान्यात नोकरी लागली आहे. ऑफर लेटर हातात आहे, पण एचआरची बाई म्हणते सोशल सिक्युरिटी नंबर (एसएसएन, अमेरिकेतला सरकारी क्रमांक) नसेल तर ओरिएंटेशनला बसू देणार नाही. अर्ज केव्हाच केलाय. सोशल सिक्युरिटी ऑफिसच्या खिडकीवर दरवेळी 'व्हेरिफिकेशन पेंडिंग' एवढंच ऐकून परत यायचं. पुढचं ओरिएंटेशन सोमवारी आहे. नव्वद दिवस संपत आलेत आणि पुढच्या महिन्यापासून घरभाडं त्याच्या डोक्यावर. कोणी एचआरमध्ये असेल तर सांगा. 'वाट बघा' हा सल्ला कृपया नको.

दिलीप_ऑस्टिन
कुठल्या व्हिसावर आहे? मी १९९८ मध्ये एच१वर आलो तेव्हा नंबर यायच्या आधीच पहिला पगार झाला होता. कंपनी चांगली असेल तर अडवत नाही. आणि क्लायंट म्हणजे? कन्सल्टन्सी आहे का तुमची?

सुखदा_के
नव्वद दिवस कसले? राज्य कुठलं? काय सांगणार असं?

अनघा_एमएसडब्ल्यू
व्हिसा नाही हो, रेफ्युजी आहेत! मी एका कॅथलिक संस्थेत रिसेटलमेंट केस मॅनेजर आहे, इंडियानात. नव्वद दिवस म्हणजे आर अँड पी. मला वाटलं कळेल.

नाना_चिंचवड
मग आधी असायलम (आश्रय) मंजूर करून घ्या. माझ्या मेव्हण्याच्या मित्राला वर्क परमिटसाठी महिनोन् महिने थांबावं लागलं होतं. वकील केल्याशिवाय तिकडे पान हलत नाही.

सुखदा_के
नाना, ते वेगळं. असायलम इथे पोचल्यावर मागतात. रेफ्युजीची सगळी तपासणी बाहेरच्या देशात होते आणि तो स्टेटस घेऊनच विमानातून उतरतो. पहिल्या दिवसापासून काम करू शकतो, १९८०च्या रेफ्युजी अ‍ॅक्टपासून हीच पद्धत आहे. आर अँड पी म्हणजे पहिल्या तीन महिन्यांची सरकारी मदत, संस्थेमार्फत. त्यात घर, मुलांची शाळा, तब्येतीची तपासणी, सगळं उरकायचं असतं.
अनघाताई, आता माहिती हप्त्याहप्त्याने देऊ नका. ईएडी (वर्क परमिटचं कार्ड) आलंय? आय-९४वर (देशात प्रवेश केल्याची नोंद) क्लास काय छापलाय? नावात काही गोची आहे का?

जगदंब_२०
आयटीआयएन काढून टाका. किस्सा खतम.

सुखदा_के
आयटीआयएन कर भरण्यापुरता असतो, त्यावर नोकरी करता येत नाही. आणि ज्याला एसएसएन मिळू शकतो त्याला तो देतच नाहीत.

जगदंब_२०
माझ्या मिसेसला दिला होता.

सुखदा_के
वहिनी एच४वर (नवऱ्यावर अवलंबून असलेल्या बायकोचा व्हिसा) होत्या ना? त्यांना एसएसएन मिळत नव्हता, मग झालं तर.

अनघा_एमएसडब्ल्यू
बरं, सगळं एकदम सांगते. रोहिंग्या कुटुंब, मलेशियातून आलेलं. नवराबायको आणि पाच मुलं. आय-९४वर 'आरई', म्हणजे रेफ्युजी. ईएडी अजून पोस्टात नाही. आणि नावाची गोची आहेच! त्याला एकच नाव. ते आडनावाच्या रकान्यात गेलंय आणि पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन). कारखान्याचा ऑनलाइन फॉर्म पहिलं नाव रिकामं ठेवू देत नाही, म्हणून कोणीतरी एफएनयूच टाकलं. आता एचआरची बाई त्याला 'मिस्टर फनू' अशी हाक मारते आणि तो बिचारा मागे वळून कोणाला बोलावतायत ते बघतो.
त्याच्याशी मी मोडक्या हिंदीत बोलते, हिंदी सिनेमांमुळे त्याला बरंच कळतं. फोनवरचा दुभाषा मागवला तर बर्मीवाला आला. ती भाषा याला धड येत नाही.

दिलीप_ऑस्टिन
एफएनयूचा त्रास आमच्या चेन्नईच्या सहकाऱ्यालाही झाला होता. त्याच्या क्रेडिट कार्डावरसुद्धा एफएनयू. त्याने पासपोर्टच बदलून घेतला.

अनघा_एमएसडब्ल्यू
दिलीपजी, यांच्याकडे पासपोर्ट नाही. कुठल्याच देशाचा नाही.

गोडाऊन_मॅनेजर
मी ओहायोत वेअरहाऊसची भरती बघतो, हे नेहमीचं आहे. ज्या आय-९४च्या प्रिंटआउटवर 'आरई' आहे ती आय-९ फॉर्मला (मालकाने कामाची परवानगी तपासायचा फॉर्म) लिस्ट 'ए'ची (ओळख आणि परवानगी दोन्ही दाखवणाऱ्या कागदांची यादी) पावती म्हणून चालते, कामावर घेतल्यापासून ९० दिवस. तेवढ्यात ईएडी दाखवायचं, किंवा निर्बंध नसलेलं सोशल सिक्युरिटी कार्ड आणि सोबत फोटोचं ओळखपत्र. नंबर नाही म्हणून काम सुरू करायला अडवता येत नाही. कारखाना ई-व्हेरिफाय (परवानगी ऑनलाइन तपासायची सरकारी सोय) वापरत असला तरी नंबर येईपर्यंत ती केस उघडायची थांबते, माणूस थांबत नाही. एकच नाव असेल तर ते आडनावाच्या रकान्यात लिहून पहिल्या नावाच्या जागी 'अननोन' लिहायचं, हे खुद्द आय-९च्या सूचनांमध्ये आहे. फनूसाहेबांची सुटका करा.

अनघा_एमएसडब्ल्यू
प्रिंटआउट नेली होती!! बाईंनी कागद उलटापालटा केला आणि म्हणाल्या, "हे तर घरच्या प्रिंटरवर काढलंय, कार्ड आणा." आयओएमची (आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटना) ती कागदांची पांढरी पिशवी तो अजून कुठेही जाताना छातीशी धरून नेतो. त्यातले सगळे कागद टेबलावर मांडले बिचाऱ्याने, मुलांच्या लसींचे सुद्धा.

टोचणी
कॅथलिक संस्था आणि मुसलमान कुटुंब. सेवा फुकट नसते, एवढंच म्हणतो. पाच मुलं कुठल्या शाळेत जातात बघा.

अनघा_एमएसडब्ल्यू
सरकारी शाळेत. पिवळ्या बसने. पहिल्या रात्री घरात गरम जेवण तयार ठेवावं लागतं, त्यांच्या पद्धतीचं. मी स्वतः हलाल दुकानातून चिकन आणि भात नेला होता. सरकारी पैशातून धर्मप्रचार करायला मनाई आहे आणि ऑडिटला फाईलमधला कागद न् कागद बघतात. माझ्याच टेबलावर गणपती आहे. पुढचा प्रश्न?

पन्हाळकर
अवांतर: टोचणीशेठ, कोल्हापूरजवळ वळीवड्याला १९४३ ते १९४८ पोलिश निर्वासितांची छावणी होती, सुमारे ५,००० माणसं, बहुतेक बाया आणि पोरं, जवळजवळ सगळे कॅथलिक. त्यांना छावणीत चर्च होतं, शाळा होत्या. कोल्हापूरनं कोणाला बाटवलं नाही. ऑगस्टमध्येच पंतप्रधान वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकावर जाऊन आले, बातम्या बघत चला.

टोचणी
तो काळ वेगळा होता.

नाना_चिंचवड
वळीवड्याबद्दल अजून लिहा ना पन्हाळकर. आमच्या ओळखीतले एक जण गांधीनगरला राहायचे, त्याच जागी ना?

पन्हाळकर
हो, तीच जागा. पोलिश गेले आणि फाळणीनंतरचे सिंधी आले. आता कापडबाजार आहे. सवडीने लिहितो.

वकील_नव्हे
मूळ विषयावर येऊ का? अमुकच कागद आणा असा हट्ट मालकाला धरता येत नाही, तो कायद्याने भेदभाव ठरतो. न्यायखात्याच्या इमिग्रंट अँड एम्प्लॉयी राइट्स विभागाची हॉटलाइन आहे. तिथे कळवा, ते थेट कंपनीला फोन करतात. सरळ होतील.

गोडाऊन_मॅनेजर
असलं काही करू नका. पहिलाच फोन सरकारी माणसाचा गेला की पुढच्या वेळी तुमच्या संस्थेचं नाव बघून अर्ज बाजूला ठेवतील, कारणसुद्धा सांगणार नाहीत. त्या बाईला हा नियम ठाऊकच नसणार. एम-२७४ नावाचं मालकांसाठीचं सरकारी हँडबुक आहे, त्यातलं रेफ्युजींच्या पावतीचं पान छापा आणि त्यांच्या हेड ऑफिसच्या कंप्लायन्सला ईमेल करा. प्लान्टवर वाद घालून काही होत नाही.

वकील_नव्हे
म्हणजे हक्क असूनही गोड बोलून मागायचा?

गोडाऊन_मॅनेजर
सोमवारी कामावर जायचं असेल तर, हो.

सुखदा_के
मी आधी गोडाऊनवाल्यांचं ऐकेन आणि हॉटलाइन हातात ठेवेन. आणि ताई, टॅनिफचा (मुलं असलेल्या गरजू कुटुंबांना सरकारी रोख मदत) अर्ज झालाय ना? मुलं असलेल्यांना आधी तो बघतात, रेफ्युजी कॅश असिस्टन्स ज्यांना तो लागू नाही त्यांना. क्लायंटचं नाव किंवा कागदाचा फोटो मात्र इथे टाकू नका.

अनघा_एमएसडब्ल्यू
टॅनिफ सुरू आहे, पण सात माणसांचं भाडं त्यात निघत नाही. हॉटलाइन मला परवडायची नाही. अजून चार जण त्याच कारखान्यात लावायचेत, इंग्रजी न येणाऱ्याला घेणारी जागा आमच्याकडे दुसरी नाही. हँडबुकवाला ईमेल पाठवलाय.

जगदंब_२०
आयटीआयएनचा विचार करा तरीही.

अनघा_एमएसडब्ल्यू | २५ ऑक्टोबर २०२४
हेड ऑफिसचं दोन ओळींचं उत्तर आलं: आय-९४ घेऊन सोमवारी पाठवा. गोडाऊनसाहेब, शंभर आभार. 'अननोन' पण लावून घेतलं.
आता नवीन भानगड. शिफ्ट दुसरी मिळाली, रात्री साडेबाराला सुटते आणि आमच्याकडची शेवटची बस त्याआधीच जाते. कारखाना गावाबाहेर. व्हॅनपूल (एकाच व्हॅनमधून सगळ्यांची ने-आण) कोणी चालवलाय का? विम्याचं काय करतात?

सुखदा_के
त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे वळीवड्यात हरवेल.

चिकूची_आई
तुमच्या संस्थेत जागा आहे का? मी निर्मला निकेतनची एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदवी) आहे, एच४ ईएडी, सध्या घरीच.

अनघा_एमएसडब्ल्यू
जागा निघतात. पगार आधी विचारा आणि मग ठरवा. स्वतःची गाडी लागते, आणि तिच्यात कार सीट घालता-काढता आल्या पाहिजेत, विमानतळावर, मध्यरात्री, थंडीत. व्यनि (खासगी निरोप) करा.