कोर्टातली ‘पेशी’ मराठी नाही का?

प्राजक्ता
पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दू असावी का, या वादातला सर्वोच्च न्यायालयाचा १५ एप्रिल २०२५ चा निकाल एका मासिकासाठी मराठीत आणते आहे. उर्दू इथलीच भाषा आहे हे दाखवताना न्या. सुधांशू धुलिया यांनी कोर्टात रोज बोलले जाणारे शब्द दिलेत: अदालत, हलफनामा, पेशी. मी ‘पेशी’ तसाच ठेवला. संपादकांनी तो खोडून ‘सुनावणी’ केला. मराठीत पेशी फक्त शरीरातली, असं त्यांचं म्हणणं. पण शब्द बदलला तर निकालातला मुद्दाच उडतो. मराठी वाचकाला हा शब्द खरंच कळत नाही?

मोर्णाकाठ
कळत नाही कसा? आमच्या अकोल्याकडे “उद्या पेशी आहे” म्हटलं की पोरंसोरंही समजतात, कोर्टात जायचंय. शिवाय सुनावणी वेगळी. दिवसभर बसून सुनावणी होत नाही, पण पेशी झालेली असते आणि पुढची पेशी भेटते. पातूर आमच्याच जिल्ह्यातलं. तिथल्या खटल्याच्या निकालातून तिथलाच शब्द खोडायचा, हे मला पटत नाही.

घाटमाथा
विदर्भात तो हिंदीतून आलेला आहे. साताऱ्या-कोल्हापुरात “कोर्टात तारीख आहे” म्हणतात. छापील मराठीत तोच शब्द घ्यावा.

गोदातीर
तारीख तरी कुठे मराठी? अरबी आहे. आणि वऱ्हाडात पेशी फक्त हिंदीतूनच आली असं कसं म्हणता? वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाच्या कारभारात, १९०३ पासून हिंदीही चालणाऱ्या मध्य प्रांताच्या. माझं मत निजामाच्या बाजूने. आमच्या नांदेडात आजही जमिनीचं भांडण निघालं की १९५४ चा खासरा, म्हणजे जमिनीच्या नोंदींचा जुना कागद, शोधतात. राज्य गेलं, कागदावरचे शब्द राहिले. फारसी ‘पेश’ म्हणजे पुढे. न्यायाधीशापुढे उभं राहणं ती पेशी, सर्वांच्या पुढे असतो तो पेशवा. साताऱ्याला पेशवा चालतो तर पेशी का नको? शरीरातली पेशी मात्र संस्कृत, तिचा याच्याशी संबंध नाही.

अक्षरनिष्ठ
असंच म्हणत राहिलो तर मराठी शब्द घडणार कधी? शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राजव्यवहारकोश करवून घेतला तो याचसाठी. १९९८ पासून जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. हलफनाम्याऐवजी ‘प्रतिज्ञापत्र’ आज सगळे लिहितात, कुणाचं अडलं? सवय लावली की लागते.

बाररूम
सवय लागते, पण सरसकट नाही. प्रतिवादीचं लेखी उत्तर म्हणजे कैफियत. हुकूमनामा, तहकूब, जामीन, मुद्देमाल हेही रोजचेच. यांतला एकही बदलला तर पक्षकार मला अर्थ विचारील. वकालतनाम्याचं वकीलपत्र केलं, वकील तसाच राहिला! आणि पातूरच्या निकालाचा कायदेशीर गाभा विसरू नका: स्थानिक संस्थांच्या भाषेबद्दलचा राज्याचा २०२२ चा कायदा मराठी बंधनकारक करतो, जोडीला दुसरी भाषा लिहायला मनाई करत नाही. पाटीवर मराठी वर होतीच. शब्दांच्या बाबतीतही मला हेच योग्य वाटतं.
प्रतिज्ञापत्राचा विषय निघालाच आहे, तर ते आणि शपथपत्र यांत फरक करायला हवा. १९६९ च्या शपथ कायद्यात देवाला साक्षी ठेवून शपथ घेता येते, नाहीतर देवाचं नाव न घेता नुसतं दृढकथन करता येतं. नास्तिक अशिलाच्या कागदाला ‘शपथपत्र’ म्हणणं मला खटकतं.

अक्षरनिष्ठ
मग ‘दृढकथनपत्र’ म्हणा.

मोर्णाकाठ
पेशीच्या दिवशी हा शब्द उच्चारून पाहा, मग बोलू.

प्राजक्ता
मंडळी, मला उद्या मजकूर द्यायचा आहे. पेशी ठेवू की सुनावणी?

घाटमाथा
तारीख.

गोदातीर
पेशीच. ‘हलफनामा’ही तसाच ठेवा, त्या यादीत प्रतिज्ञापत्र घातलं तर वाक्याला अर्थच उरणार नाही.

अक्षरनिष्ठ
बाररूम, शपथपत्र चुकीचं असेल तर निवडणुकीच्या बातम्यांत उमेदवारांचं ‘शपथपत्र’च का छापतात? तिथे देव कुठून आला?