मदत हवी आहे: खांबाला लागून पार्किंग, दोन लहान मुलं आणि मी एकटी

मंडळी, ठाण्यात घोडबंदर रोडला राहते. मुलगा साडेतीन वर्षांचा, मुलगी आठ महिन्यांची. नवरा सोमवार ते गुरुवार पुण्याला, त्यामुळे पाळणाघर, डॉक्टर, नौपाड्यात आईकडे जाणं, सगळं मी एकटीच बलेनोतून करते.

आमचा स्लॉट स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या पार्किंगमध्ये, डावीकडे खांब आणि उजवीकडे शेजारच्या काकांची क्रेटा. कागदावर रुंदी २.५ मीटर. बलेनो १.७४५ मीटर, म्हणजे दोन्ही बाजू धरून जेमतेम पाऊण मीटर उरतो. खांब नेमका मागच्या डाव्या दारासमोर येतो आणि तिथेच बाळाची सीट आहे. दार वीतभर उघडतं. त्या फटीतून बाळासकट सीट सोडाच, माझा हातही धड आत जात नाही. रिव्हर्स लावून पाहिली, तर खांब माझ्याच दारासमोर! गिअरवरून पलीकडे सरकत उतरले, ओढणी हँडब्रेकमध्ये अडकली ती वेगळीच.

म्हणून आता लिफ्टजवळ गाडी थांबवून आधी दोघांना उतरवते, वॉचमनकाकांकडे उभं करते आणि मग गाडी लावते. परवा काका गेट उघडायला गेले, चिरंजीव टोपीमागे धावले आणि रॅम्पवरून डिलिव्हरीवाल्याची स्कूटर आली. त्याने ब्रेक मारला म्हणून निभावलं. तो आवाज अजून डोक्यातून जात नाही.

कमिटीला स्लॉट बदलून मागितला. उत्तर: "बिल्डरने ज्याला जो दिला, तो त्याचा."

आणि कृपया "सीट कशाला, मांडीवर घे" असं सांगू नका. गाडी मीच चालवते, मांडी कोणाची आणू? शिवाय मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय असेल तर १००० रुपये दंड आहे.

कोणी असं काही निभावलंय का?

प्रतिसाद १:
कमिटीचं म्हणणं टिकणारं नाही. स्टिल्ट पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही, असा सुप्रीम कोर्टाचा २०१० चा निकाल आहे. ती सोसायटीची सामायिक जागा. लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि विषय सर्वसाधारण सभेच्या अजेंड्यावर घ्यायला लावा. वेळ लागेल, पण तोंडी बोलण्याला सोसायटीत काडीची किंमत नसते.

प्रतिसाद २:
ताई, सभा होईपर्यंत मुलगी चालायला लागेल. बाळाची सीट उजवीकडे, तुमच्या मागे घ्या. मग डावं दार उघडायचंच नाही, आरसा मिटून गाडी खांबाला बिलगून लावा. सगळी मोकळी जागा उजवीकडे येईल. मुलगा डावीकडे बेल्टमध्ये, चाइल्ड लॉक लावलेलं. आधी बाळाला काढून अंगावरच्या बेबी कॅरियरमध्ये बांधा, मग मुलाचा बेल्ट सोडा, तो दोन सीटांमधून पुढे येऊन तुमच्या दाराने उतरेल. बांधलेलं पोर टोपीमागे धावत नाही. लिफ्टपाशी उतरवणं बंद करा.

धागाकर्ती:
प्रतिसाद २, कुठे होतात इतके दिवस! काल करून पाहिलं. टेपने मोजलं, उजवीकडे ५४ सेंटिमीटर मिळाले. बाळ आरामात निघालं. चिरंजीवांना तर पुढून उतरणं म्हणजे विमानातून उतरल्यासारखं वाटलं, दोनदा उतरले. अर्जही आज टाकतेय.

पण आता नवीन त्रांगडं. आईकडे जाताना गोखले रोडला डाव्या कडेला गाडी लावावी लागते, तेव्हा बाळाची सीट रहदारीच्या बाजूला येते. मागून रिक्षा सुसाट येत असतात. तिथे ते उजवं दार उघडायचं कसं? नौपाड्यातले कोणी असतील तर सांगा, शनिवारी जायचंय.