ल्यूथरची तगमग
येशूवरच्या विश्वासाने नीतिमान ठरलं, म्हणजे देवाने आपल्याला निर्दोष मानलं, की मनाची तगमग कायमची थांबते, असं काही जण म्हणतात. सोळाव्या शतकातल्या जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरचंच बघा ना. मठात असताना पापं कबूल करायला हा तासन्‌तास बसायचा. उठून आला की राहिलेलं एखादं आठवायचं, पुन्हा जिवाला घोर. नीतिमत्त्व कमवायचं नसतं, ते देवाचं दान आहे, हे बायबलमधलं रोमकरांस पत्र १:१७ वाचताना उमगलं तेव्हा स्वर्गाची दारं उघडल्यासारखं वाटलं, असं त्याने १५४५ साली लिहिलंय. पण त्या उमजेनंतरही १५२७ मध्ये तो पार खचलाच होता. त्यामुळे खचलेल्याला ‘तुझा विश्वासच कमी’ म्हणणं मला पटत नाही. स्वतः ल्यूथर उदास माणसाला सांगायचा, एकटं बसू नकोस, चार लोकांत जा, थट्टामस्करी कर, दोन घोट जास्तच घे!