सोलर प्लांटखालच्या मातीचा डीएनए तपासायचा, की आधी फावडं मारायचं?

मातीमोल:
नागपूर जिल्ह्यात सोलरसाठी वावरं भाड्याने जातायत, करार साधारण २५ वर्षांचे. जमीन परत मिळेल तेव्हा ती कशी असेल, याचं मोजमाप करारात कुठे असतं? माझं म्हणणं, मातीतल्या डीएनएची तपासणी करारातच घाला. खांब रोवायच्या आधी एकदा, मग दर दोन-तीन वर्षांनी, त्याच महिन्यात. नमुने चार जागांचे: पॅनलखाली, दोन रांगांच्या मधे, पॅनलच्या खालच्या कडेवरून पाणी गळतं तो पट्टा, आणि तुलनेसाठी धुऱ्यापलीकडचं वावर. ०-१५ सेंमीचे दहा-बारा नमुने एकत्र कालवायचे. ओळख पटवायला डीएनएचा ठरावीक तुकडा वाचायचा: जिवाणूंना १६एस, बुरशीला आयटीएस.

वखरपाळी:
डीएनए सापडला म्हणजे जीव जिवंत आहे असं नाही. २०१६ च्या एका अभ्यासात मातीतल्या जिवाणूंच्या डीएनएपैकी सरासरी ४० टक्के मेलेल्या पेशींचा किंवा मोकळा पडलेला निघाला. त्यात आपली काळी माती स्मेक्टाइट या फुगणाऱ्या चिकणमातीची, डीएनए धरून ठेवणारी. जमीन बिघडली तरी अहवाल काही काळ गोडच येणार.

खरं नुकसान बांधकामात होतं. लेव्हलिंगमध्ये वरचा थर खरडला जातो, ओल्या मातीवर ट्रक फिरतात. ते पेनेट्रोमीटर, म्हणजे माती किती घट्ट झाली ते मोजणारी दांडी, सांगतो. २ मेगापास्कलच्या वर मुळं अडतात. फक्त मे महिन्यात मोजू नका, सुकलेली काळी माती तशीही दगडासारखी लागते. पाणी मुरण्याची चाचणीही तेव्हा फसते, सगळं पाणी भेगांत जातं. ऑगस्ट-सप्टेंबरात मोजा, आणि तेव्हाच २५ × २५ × ३० सेंमीचा खड्डा खणून गांडुळं मोजा. फावडं आणि घमेलं, एवढाच खर्च.

थंडपेटी:
दोघांनीही प्रयोगशाळा सोपी धरली आहे. डीएनए काढायच्या किटमध्ये माती जाते पाव ग्रॅम! कालवणं कच्चं राहिलं तर तो पाव ग्रॅम एका ढेकळाचा निघतो. ऑगर (माती काढायचं गिरमिट) दर जागेनंतर १० टक्के ब्लीचने पुसा, मग स्वच्छ पाण्याने धुवा. ब्लीच राहिलं तर पुढच्या नमुन्यातला डीएनएही तेच खाईल. नमुना लगेच बर्फात, मग उणे २० अंशांना.

मातीतल्या ह्युमिक आम्लाने पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढायची क्रिया, अडतो आणि अहवालात ‘आढळले नाही’ येतं. नमुना दहापट पातळ करून पुन्हा चालवा, सोबत माहीत असलेला डीएनए घाला. तोही दिसला नाही तर दोष जमिनीचा नाही. शिवाय येतात ते टक्के. एका गटाचा टक्का वाढला तर तो वाढला की बाकीचे घटले, हे क्यूपीसीआरशिवाय, म्हणजे एकूण प्रती मोजल्याशिवाय, कळत नाही.

मातीमोल:
मेलेल्या डीएनएचं मान्य, धुऱ्यापलीकडचा नमुना त्यासाठीच. पण पॅनलखाली तणनाशक मारून मायकोरायझा, म्हणजे मुळांशी जोडून राहणारी बुरशी, गेली, तर तुमचा पेनेट्रोमीटर काय सांगेल?

वखरपाळी:
काहीच नाही. पण मायकोरायझा तुमच्या आयटीएसनेही धड पकडली जात नाही, त्याला १८एस लागतं. तेवढं करारात दुरुस्त करा.

थंडपेटी:
आणि आजची अर्धा किलो माती गोठवून ठेवा, पद्धत बदलली तरी जुना नमुना नव्याने चालवता येईल. फ्रीजर मात्र कंपनीचा नको. नागपुरात नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आहे, मृदा सर्वेक्षण ब्यूरो आहे. त्यांना विचारता येईल.

वखरपाळी:
२५ वर्षं उणे २० ला? विजेचं बिल कोणाच्या नावावर?