वृद्धाश्रमातलं लसीकरण : बिघडलं तर जबाब कुणी द्यायचा?

खानापूरकर
आपल्या कर्नाटक सीमाभागातल्या वृद्धाश्रमांत फ्लू-न्यूमोनियाच्या लसी बहुधा देणगीतून येतात. लस कुणीही आणो, त्रास झाला तर उत्तर सरकारनंच द्यायला हवं. नोव्हेंबर 2022 मध्ये केंद्रानं कोविड लसीबद्दल सर्वोच्च न्यायालयात सांगितलं, की लस ऐच्छिक होती, भरपाईचं दायित्व आमच्यावर नाही, दिवाणी कोर्टात दाद मागा. अंथरुणाला खिळलेली ऐंशीची आजी कुठल्या कोर्टात जाणार? आणि आश्रमात राहून ‘नको’ म्हणायची तिची टाप आहे का?

चिकोडी_फार्मसी
सगळं सरकारवर ढकललं की संस्थाचालक मोकळे. बिघाड होतो तो आश्रमाच्या फ्रिजात. लस 2 ते 8 अंशांत हवी. फ्रिजच्या दारात ठेवली तर दर उघडझापेला तापते, फ्रीजरला टेकली तर गोठते. न्यूमोनियाची लस एकदा गोठली की फेकायची. वितळल्यावर चांगली दिसली तरी टोचायची नाही. खानापूरच्या पावसात वीज गेली, कुणी वेळ लिहून ठेवली नाही, तर त्याला आरोग्य खातं काय करणार? 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं वृद्धाश्रमांबद्दलचं कलम 19 कुणी पुढे करेल म्हणून आधीच सांगतो : ते राज्यानं उभारलेल्या आश्रमांपुरतं आहे.

पीएचसी_सिस्टर
फ्रिजचं पटलं, पण पुढचं काय? टोचल्यावर 30 मिनिटं बसवायचं, हाताशी ॲड्रेनलिन (जीवघेणी ॲलर्जी उठली तर द्यायचं इंजेक्शन) हवं : 1:1000 चं, मोठ्यांना 0.5 मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर बारीक सुई, आणि टोचल्या जागी किमान दोन मिनिटं दाब, चोळायचं नाही. खरी गफलत होते ती रात्री. ताप येतो, म्हातारा माणूस संडासला उठतो, पडतो, खुबा मोडतो. आश्रमाच्या वहीत फक्त ‘पडले’. लसीनंतरची कुठलीही गंभीर घटना, कारण लस असो-नसो, 24 तासांत वर आरोग्य खात्याला कळवायची असते. लसीचा बॅच नंबर लिहिलेला नसेल तर चौकशी तिथंच अडते.

खानापूरकर
मग तो नंबर तपासणारा सरकारचा माणूस नको का? देणगीच्या लसीकरण शिबिरात तो नसतो, माझी तक्रार हीच आहे. शिवाय माणसं मराठी आणि संमतीपत्र कन्नडमध्ये. तालुक्यात 15 टक्के लोक ज्या भाषेचे, त्या भाषेत महत्त्वाच्या सूचना द्यायच्या, हे भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्रानं मान्य केलेलं तत्त्व आहे. न वाचता उठवलेला अंगठा ‘ऐच्छिक’ कसा?

चिकोडी_फार्मसी
मराठी संमतीपत्राला माझा पूर्ण पाठिंबा. पण ते वाचून दाखवायला आश्रमाला कुणी अडवलंय? एका पानाचं काम आहे.

पीएचसी_सिस्टर
शिबिराची तारीख आठवडाभर आधी पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) लेखी कळवा आणि पोच घ्या. पोच हातात असली की ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ हे आश्रम आणि पीएचसी दोघांनाही म्हणता येत नाही. वही मात्र शिबिरवाल्यांबरोबर जाऊ देऊ नका, आश्रमातच ठेवा.